आई-बाबा अमेरिकेत आलेत आणि मध्ये चार दिवस कॅनडा करायचंय? मग आधी परत येण्याचं प्लॅनिंग करा

दरवर्षी मे महिना आला की आमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी हाच प्रश्न विचारतं. आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत, घरात बसून कंटाळलेत, नायगारा दाखवायचाच आहे, तर मग पलीकडे कॅनडात जाऊन यावं का? माझं उत्तर आहे, जरूर जा, धबधबा खरा दिसतो तो कॅनडाच्या बाजूनेच. पण ही ट्रिप लोणावळ्याला जाऊन येण्यासारखी नाही हे आधीच लक्षात घ्या. दोन देश, दोन इमिग्रेशन, आणि गाडीत बसलेल्या प्रत्येकाचं स्टेटस वेगळं. बहुतेक लोक सगळा जोर कॅनडात जाण्यावर लावतात, हॉटेल, बोट, टोरांटो, सगळं ठरतं, आणि अमेरिकेत परत कसं यायचं याचा विचार सीमेवरच्या पुलाच्या रांगेत उभं राहिल्यावर सुरू होतो. मी सांगेन उलटं करा. प्रत्येक माणूस परत कुठल्या कागदावर येणार हे आधी ठरवा आणि मग जायचं बघा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, माझे सासू-सासरे आले होते तेव्हा आम्ही हे केलं, नंतर माझ्या आईबाबांबरोबर पुन्हा केलं, त्यामुळे जे लिहितेय ते त्या अनुभवावरून.

पायरी १: कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा

खरंच कागद घ्या. प्रत्येक नावापुढे दोन रकाने, "कॅनडात कशावर जाणार" आणि "अमेरिकेत कशावर परत येणार". एकाच घरात चार तऱ्हा असतात.

आईबाबा, म्हणजे भारतीय पासपोर्ट आणि अमेरिकेचा बी-१/बी-२, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा: त्यांना कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा असला तरी. "अमेरिकेचा व्हिसा असला की कॅनडात चालतं" असं कोणी तरी व्हॉट्सॲपवर सांगतंच, ते भारतीय पासपोर्टला लागू नाही.

तुम्ही एच-१बी वर (नोकरीच्या व्हिसावर) असाल तर तुम्हालाही कॅनडाचा व्हिसा लागणार, एच-४ वरच्या (जोडीदाराच्या व्हिसावरच्या) बायकोला किंवा नवऱ्यालाही. ग्रीन कार्ड असेल तर व्हिसा लागत नाही, आणि २६ एप्रिल २०२२ पासून विमानाने जातानाही ईटीए (ऑनलाइन प्रवास परवानगी) लागत नाही, पण वैध भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही जवळ हवेत, कारण पासपोर्ट घरी ठेवून नुसतं कार्ड घेऊन निघणारे पाहिलेत. अमेरिकेत जन्मलेल्या पोरांना अमेरिकन पासपोर्ट. कायद्याने १६ वर्षांखालच्या अमेरिकन मुलाला रस्त्याने येताना जन्मदाखला चालतो, तरी पासपोर्ट असेल तर पासपोर्टच घ्या, प्रश्न कमी होतात.

आता दुसरा रकाना. आईबाबांच्या अमेरिकन व्हिसावर "एन्ट्रीज" असं लिहिलेलं असतं, त्याच्याखाली एम अक्षर आहे का बघा. एम म्हणजे मल्टिपल, कितीही वेळा येता येतं. तिथे एम नसून आकडा असेल तर आधी नीट चौकशी करा, तोवर काहीही बुक करू नका. तुमच्या पासपोर्टमधला एच-१बी चा स्टँप संपला असेल पण आय-९४ (अमेरिकेत किती दिवस राहता येतं त्याची नोंद, पायरी २ बघा) चालू असेल तर ३० दिवसांच्या आत कॅनडाहून परत येण्याची एक सोय आहे, तिला ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन म्हणतात. पण तिकडे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केलात तर ती सोय मिळत नाही, तेव्हा "आलोच आहोत तर स्टँपिंगही करून टाकू" हे या ट्रिपमध्ये अजिबात घुसवू नका.

आणि घरातल्या कोणाचाही काही अर्ज पेंडिंग असेल, ग्रीन कार्डचा, स्टेटस बदलण्याचा, आईबाबांचा मुक्काम वाढवण्याचा, तर इथेच थांबा आणि वकिलाला विचारा. काही अर्ज देश सोडला की सोडून दिल्यासारखे धरले जातात. धबधबा पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

पायरी २: आय-९४ ची तारीख

हे थोडं सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. आईबाबा किती दिवस राहू शकतात हे पासपोर्टमधला व्हिसा ठरवत नाही, ते आय-९४ ठरवतं. ते आता ऑनलाइन असतं, सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा खात्याच्या) आय-९४ च्या साइटवर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर टाकला की दिसतं. त्यात "ॲडमिट अनटिल डेट" असते. समजा आईबाबा ५ मेला उतरले आणि तारीख ४ नोव्हेंबर मिळाली. ऑगस्टमध्ये चार दिवस कॅनडाला जाऊन आले तर काय होईल?

बऱ्याच जणांना वाटतं की बाहेर जाऊन आलं की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं आणि नवे सहा महिने मिळतात. हे धरून चालू नका. ३० दिवसांच्या आतल्या कॅनडा ट्रिपनंतर साधारणपणे जुन्याच आय-९४ वर परत घेतात, म्हणजे ४ नोव्हेंबरच राहते. कधी अधिकारी नवीन एन्ट्री करून नवी तारीख देतो, विमानाने परत आलात तर तसं होण्याची शक्यता जास्त. पण तो त्याचा निर्णय. तुम्ही भारताचं तिकीट जुन्या तारखेच्या आतलंच ठेवा, आणि पुलावर "सहा महिने वाढवून मिळतील का" असं विचारूही नका, कारण मग त्याला वाटायला लागतं की मुक्काम वाढवण्यासाठीच ही फेरी मारली.

म्हणूनच ट्रिप कधी करायची तर मधल्या काळात. पहिले तीन आठवडे जेटलॅग आणि नातवंडांची सवय होण्यात जातात. शेवटचा महिना नको, कारण पाच महिने राहून झाल्यावर सीमेवर पुन्हा आत यायचं म्हटलं की साहजिकच जास्त प्रश्न येतात, आणि काही अडलं तर हातात वेळ नसतो. दुसरा ते चौथा महिना बरा.

निघण्याआधी प्रत्येकाच्या आय-९४ ची प्रिंट काढा. फोनमध्ये आहे म्हणून सोडू नका.

पायरी ३: कॅनडाचा व्हिसा, आणि तो भारतातूनच

जमलं तर आईबाबा भारतातून निघण्याआधीच कॅनडाचा व्हिसा करून टाका. अर्ज ऑनलाइनच असतो, तुम्ही इथून बसून भरून देऊ शकता, बायोमेट्रिक्स, म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो, मुंबई-पुण्यात व्हीएफएसच्या व्हिसा केंद्रात देता येतात, आणि पासपोर्टही तिथेच द्यायचा, म्हणजे व्हिसा चिकटवून मिळतो. घरची माणसं जवळ असतात, बँकेचे कागद हाताशी असतात.

इथे आल्यावर करायचा तर तोही मार्ग आहे. अर्ज ऑनलाइन, बोटांचे ठसे आणि फोटो यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) ॲप्लिकेशन सपोर्ट सेंटरमध्ये अपॉइंटमेंट घेऊन, आणि मंजूर झाल्यावर पासपोर्ट न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या व्हीएफएस सेंटरला पाठवायचा. म्हणजे बघा, आईबाबा परदेशात आणि त्यांचे पासपोर्ट कुरियरमध्ये. तेवढ्यात गावाकडे काही झालं आणि तातडीने निघायची वेळ आली तर? मला ही कल्पनाच सहन होत नाही, म्हणून मी सगळ्यांना भारतातूनच करा असं सांगते.

फी माणशी १०० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिक्सचे ८५ वेगळे. बायोमेट्रिक्स १४ ते ७९ वयाच्या लोकांना द्यावे लागतात आणि एकदा दिले की १० वर्षं चालतात. पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो नवा करा, कारण व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत.

कागदांत काय लावायचं? दोघांचे बँक स्टेटमेंट, पेन्शनचा कागद, घराचे कागद, भारतात परत जाण्याचं तिकीट, अमेरिकन व्हिसाची कॉपी, तुमच्या स्टेटसचा पुरावा, आणि तुमचं एक साधं पत्र. पत्रात सगळ्यांबद्दल प्रेमाने दोन पानं लिहायची गरज नाही. कोण, कधी, किती दिवस, कुठे राहणार, खर्च कोण करणार, आणि ट्रिपनंतर अमेरिकेत परत येऊन कुठल्या तारखेला भारतात जाणार, बस. रोजचा कार्यक्रम चार ओळींत जोडा. फॉर्ममध्ये आधी कुठल्याही देशाचा व्हिसा नाकारला असेल तर खरं लिहा. बाबांचा १५ वर्षांपूर्वी कुठला तरी व्हिसा नाकारलेला असतो आणि ते विसरलेले असतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी त्यांना शांतपणे बसवून विचारा.

व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं काहीही बुक करू नका. पहिल्या वेळी मी धबधब्यासमोरच्या खोलीच्या मोहात पडले, नॉन-रिफंडेबल बुक केली, व्हिसा तीन आठवडे उशिरा आला आणि सगळे पैसे गेले. सासऱ्यांना ते कळलं तेव्हा त्यांना किती वाईट वाटलं ते मला अजून आठवतं, त्यांना वाटत राहिलं की आपल्यामुळे नुकसान झालं.

पायरी ४: रस्ता

नायगाराच्या भागात साध्या गाड्यांसाठी तीन पूल लक्षात ठेवा. बफेलोहून फोर्ट एरीला जाणारा पीस ब्रिज, धबधब्याला लागून असलेला रेनबो ब्रिज, आणि थोडा उत्तरेला लुईस्टन-क्वीन्स्टन ब्रिज. व्हर्लपूल ब्रिज नेक्ससवाल्यांसाठीच (आधी तपासणी होऊन खास कार्ड मिळालेल्यांसाठीच) आहे, मॅपने तिकडे नेलं तर जाऊ नका. रेनबोवरून पायीही जाता येतं, आणि दृश्य सुंदर आहे, पण सुट्टीच्या दिवशी गर्दी तिथेच. निघण्याआधी सीमेवरचा वेटिंग टाइम ऑनलाइन बघा आणि जिथे कमी तिथून जा.

न्यू जर्सीहून नायगारा सहा-सात तासांचं ड्राइव्ह आहे, थांबत थांबत आठ. आम्ही पहिली रात्र बफेलोजवळ अमेरिकेतच काढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पूल ओलांडतो. दिवसभर गाडीत बसून सुजलेल्या पायांनी, भुकेल्या पोरांसह रात्री दहाला इमिग्रेशनच्या खिडकीसमोर जायचं म्हणजे सगळ्यांचे हाल. आणि हो, रांगेत लागण्याआधी सगळ्यांना बाथरूमला जाऊ द्या, पुलावर अडकलात की तासभर काही सोय नाही.

मिशिगनमध्ये राहणाऱ्यांसाठी खास: डेट्रॉइटहून नायगाराचा रस्ता मॅपवर शोधलात तर तो सरळ ऑन्टारिओतून दाखवतो, कारण तोच जवळचा आहे. कोणाकडे कॅनडाचा व्हिसा नसेल तर तुम्हाला ओहायोतून, लेक ईरीच्या दक्षिणेने फिरूनच जायचंय. निघतानाच मॅपमध्ये तपासा, पुलाच्या लेनमध्ये एकदा शिरलात की मागे वळता येत नाही.

गाडी भाड्याची असेल तर कंपनीला सीमा ओलांडणार असं सांगा आणि तसं लिहून घ्या. स्वतःची असेल तर इन्शुरन्सवाल्याकडून कॅनडासाठीचं नॉन-रेसिडेंट इन्शुरन्स कार्ड मागा. पलीकडे वेगाचे बोर्ड किलोमीटरमध्ये, १०० म्हणजे साधारण ६२ मैल, हे पहिल्या दहा मिनिटांत विसरायला होतं.

तारखा निवडताना दोन्ही देशांच्या सुट्ट्या टाळा. कॅनडाचा १ जुलै आणि अमेरिकेचा ४ जुलै लागोपाठ येतात, तो आठवडा तर नकोच. मेमोरियल डे, लेबर डे, मे महिन्यातला व्हिक्टोरिया डे, सगळे सोमवारचे लाँग वीकेंड.

विमानाने टोरांटोला जाणार असाल तर परत येताना अमेरिकेचं इमिग्रेशन टोरांटोच्या विमानतळावरच होतं, विमानात बसण्याआधी. तीन तास आधी पोचा.

पायरी ५: औषधं, खाऊ, इन्शुरन्स

आईबाबांचा जो व्हिजिटर इन्शुरन्स घेतलाय तो कॅनडात चालतो का हे पॉलिसीत वाचा, नसेल तर चार दिवसांचा वेगळा घ्या. हे टाळू नका, सत्तरीच्या माणसाला परक्या देशात छातीत दुखलं तर हॉस्पिटलचं बिल तिथल्या नागरिकासारखं माफ होत नाही.

औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. कॅनडात स्वतःच्या वापरासाठी जास्तीत जास्त ९० दिवसांपुरतं नेता येतं. आठवड्याच्या डब्यात भरलेल्या सुट्या गोळ्या बॅगेत वेगळ्या ठेवू नका, पट्टीसकट न्या. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: गुडघेदुखीसाठी इथे दुकानात सीबीडीचं क्रीम किंवा तेल मिळतं, मुलं आईबाबांना हौसेने आणून देतात. कॅनडात गांजा १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांतही आहे, पण सीमेवरून तो कुठल्याही रूपात नेणं-आणणं गुन्हाच आहे, त्यात सीबीडीही आलं. ते घरीच ठेवा. आईच्या पर्समधलं स्वतः एकदा बघून घ्या.

खायला दशम्या, धपाटे, कोरडी चटणी, लाडू, चकल्या न्या, विचारलं तर सरळ सांगा. ताजी फळं, भाज्या, मांस नको. परतीच्या वेळीही तेच, हॉटेलमधून उचललेलं सफरचंद नाहीतर संत्रं पुलाआधी खाऊन संपवा.

पायरी ६: फाइल आणि खिडकीवरची प्रश्नोत्तरं

प्रत्येकाची वेगळी प्लास्टिकची फाइल करा. पासपोर्ट, आय-९४ ची प्रिंट, कॅनडातल्या हॉटेलची प्रिंट, इन्शुरन्स, आणि भारताच्या परतीच्या तिकिटाची प्रिंट. पोरं आजी-आजोबांबरोबर जाणार असतील, किंवा आईवडिलांपैकी एकच बरोबर असेल, तर राहिलेल्या पालकांचं सहीचं संमतीपत्र घ्या, नोटराइज्ड असलं तर उत्तम.

खिडकीजवळ गाडी आली की सगळ्या काचा खाली, गॉगल काढा, फोन खाली ठेवा, फोटो काढू नका. अधिकाऱ्याने आईबाबांना विचारलं तर त्यांनाच उत्तर देऊ द्या. इंग्लिश मोडकं असलं तरी चालतं, तुम्ही मध्ये बोललात की त्याला ते खटकतं. जमत नसेल तर "मी भाषांतर करू का" असं आधी विचारा.

हे मी कळकळीने लिहितेय त्याला कारण आहे. परत येताना अमेरिकन अधिकाऱ्याने माझ्या सासूबाईंना विचारलं, "व्हेन आर यू गोइंग बॅक?" आई म्हणाल्या, "टुडे." त्यांच्या डोक्यात परत जायचं म्हणजे आमच्या घरी, न्यू जर्सीला. त्याला विचारायचं होतं भारतात कधी. त्याने भुवया उंचावल्या, पासपोर्ट पुन्हा उघडला, मागच्या पानांवर गेला. आईंना कळलं की काहीतरी चुकलं, त्यांनी पदर घट्ट धरला. सासऱ्यांनी शांतपणे फाइल उघडून तिकिटाची प्रिंट पुढे केली, तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इंडिया, ट्वेंटी-सिक्स्थ ऑक्टोबर." त्याने पाहिलं, मान हलवली, आणि झालं. त्यामुळे आता आम्ही आदल्या रात्री हॉटेलमध्ये बसून तालीम करतो. कॅनडाच्या खिडकीवर "परत" म्हणजे अमेरिकेत, चार दिवसांनी. अमेरिकेच्या खिडकीवर "परत" म्हणजे भारतात, तिकिटाची तारीख. दोन्ही तोंडपाठ.

पायरी ७: तिकडे गेल्यावर थोडंच करा

चार दिवसांत नायगारा, टोरांटो, ओटावा आणि मॉन्ट्रियल असे प्लॅन लोक मला पाठवतात. नका करू असं. दोन पूर्ण दिवस नायगाराला द्या, आणि हवं तर एक दिवस टोरांटो, तिथून साधारण १३० किलोमीटर. सीएन टॉवर आणि बीएपीएसचं संगमरवरी मंदिर एवढं एका दिवसात आरामात होतं.

नायगाराला टेबल रॉकवर हॉर्सशू फॉल्स अगदी हाताच्या अंतरावर येतो, जवळजवळ ५७ मीटर खाली कोसळणारं पाणी, कठड्याला टेकून तासभर उभं राहावंसं वाटतं. गुडघ्यांचा त्रास असेल तर हॉटेलांच्या भागातून खाली यायला इन्क्लाइन रेल्वे आहे आणि काठाने वीगो बस फिरते, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. बोटीत कॅनडाच्या बाजूला लाल पोंचो देतात, अमेरिकेच्या बाजूला निळे. साडीवर पोंचो घालताना निऱ्या वर खोचून घ्या, नाहीतर भिजून पायात येतात. रात्री दोन्ही धबधब्यांवर रंगीत दिवे सोडतात, ते सोडू नका, आईबाबांना दुपारी झोपू द्या आणि रात्री बाहेर काढा.

आईबाबांच्या प्रीपेड सिमला कॅनडात बहुतेक वेळा नेटवर्क नसतं. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे सकाळीच ठरवा, आणि हॉटेलचं कार्ड दोघांच्या खिशात ठेवा.

व्हिसा मिळालाच नाही तर

तर हिरमुसू नका. अमेरिकेच्या बाजूचं नायगारा फॉल्स स्टेट पार्क १८८५ सालचं, देशातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क आहे. गोट आयलंडवर चालत फिरा, केव्ह ऑफ द विंड्समध्ये ब्रायडल व्हेल फॉल्सच्या पायथ्याशी जा, मेड ऑफ द मिस्टची बोट घ्या, ती हॉर्सशूच्या पोटापर्यंत जाते. समोरून सगळं एकत्र दिसत नाही एवढंच, पण पाण्याच्या इतकं जवळ कॅनडाच्या बाजूनेही जाता येत नाही. फक्त मॅपमध्ये पार्किंगचा पत्ता नीट टाका, रेनबो ब्रिजची लेन अगदी लागून आहे.

पायरी ८: घरी आल्यावर, त्याच आठवड्यात

बॅगा उघडून झाल्या की आय-९४ च्या साइटवर पुन्हा जा आणि आईबाबा दोघांचं रेकॉर्ड वेगवेगळं बघा. तारीख जुनीच आहे की नवी, नाव आणि पासपोर्ट नंबर बरोबर आहे का, व्हिजिटरचा क्लास बी-२ च आहे ना. दोघं एकाच गाडीत, एकाच खिडकीवरून आले तरी तारखा वेगळ्या असू शकतात, म्हणून एकाचं बघून दुसऱ्याचं तसंच असेल असं धरू नका. चूक दिसली तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसला लगेच कळवा, तिथे दुरुस्ती होते. नवी प्रिंट काढून त्याच प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, आणि दोन तारखांपैकी जी आधीची असेल ती फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.